अस्वलाखालचं मीठ

७ जानेवारी १९५१, रविवार

अस्वल आलं. बैलगाडीतून आलं, आणि येताना त्याचा डावा कान वाटेत कुठेतरी गळून पडला. गाडीवान म्हणतो, कान मुळातच नव्हता. मी स्वतः गेल्या आठवड्यात हान्सेनसाहेबाच्या बंगल्यात दोन्ही कान पाहिले होते. आता लोक विचारणार, ध्रुवावरच्या अस्वलाला एकच कान असतो का? उभा जन्म भूगोल शिकवण्यात गेला, पण या प्रश्नाला उत्तर नाही.

हा हान्सेनसाहेब नॉर्वेचा. तरुणपणी शिकारी जहाजांबरोबर बर्फाच्या मुलखात हिंडला, मग खाडीच्या बांधांचा इंजिनियर होऊन इथे आला आणि ठाण्यातच म्हातारा झाला. मायदेशी परत जाताना आपला सगळा संग्रह त्याने आमच्या वाचनालयाला देऊन टाकला. अस्वल, सीलची कातडी, वॉलरसचे सुळे, कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी आणि चाळीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः काढलेले पेटीभर फोटो. अट एकच घातली: माझ्या उत्तरेशेजारी तुमची खाडी मांडा. म्हणजे मिठागरं, जाळी, होड्या, लग्नातली भांडी. दोन्ही एकाच दालनात.

आमचे अध्यक्ष भाऊसाहेब पटकन हो म्हणाले आणि धोंड माझ्या गळ्यात बांधली. निवृत्त मास्तर म्हणजे गावची मोकळी खुंटी, कुणीही काहीही अडकवावं. वर म्हणाले, “टिपणीस, वैशाखापर्यंत बघू. माणसं आली तर ठीक, नाहीतर खोली रेशनच्या पोत्यांना देऊन टाकू.” हे अस्वल पोत्यांसाठी बाहेर काढलं, तर ठाणं मला जन्मभर एककानी मास्तर म्हणेल.

१४ जानेवारी, संक्रांत

बर्फ कशाचा करायचा? कापूस पसरून पाहिला, तर अस्वल फाटक्या गादीवर उभं राहिल्यासारखं दिसायला लागलं. चुना टाकावा तर खोकला येतो. परवा कोपरीच्या बाजूने येताना मिठागरातले ढीग उन्हात असे काही चमकत होते की मी जागच्या जागी उभा राहिलो. बर्फ तर आपल्या दारात पडलाय! आज दोन गाड्या मीठ आणून पसरलं. मागच्या भिंतीवर निळा समुद्र आणि त्यात एक आगबोट रंगवून घेतली. सुंदर दिसतंय. कातडी मात्र थोडी वर टांगावी लागतील, मिठाला ओल सुटते.

घरी सांगितलं तर बायकोने, विमलने, तिळगुळाचा हात आखडता घेतला. “मीठ जमिनीवर पसरलंत? सांडलेलं मीठ देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं म्हणतात. दोन गाड्या वेचायला तुम्हांला किती जन्म लागतील?”

मी हसलो. पण संध्याकाळी दालनात एकटाच असताना अस्वलाभोवती बांधलेल्या दोरीबाहेर आलेले खडे पायाने आत सारताना उगाचच इकडेतिकडे पाहिलं.

२६ जानेवारी, शुक्रवार

उद्‌घाटन झालं. भाऊसाहेब उत्तर ध्रुवावर कमी आणि स्वतःवर जास्त बोलले. कानाबद्दल कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी दातांबद्दल विचारलं.

दुपारी कोपरीच्या मिठागरातली काही आगरी मंडळी आली. त्यांत पन्नाशीची एक बाई होती, बायजा नावाची. ती दोरीपाशी थबकली आणि माझ्यावरच उखडली.

“मास्तर, मीठ पायाखाली घातलास?”

“दोरीच्या आत कुणी जात नाही हो. फक्त अस्वल उभं आहे.”

“त्याला कोनी सांगतला नाय वाटतं,” ती म्हणाली. बाकीचे हसले. ती मात्र भिंतीवरच्या बोटीकडे बघत राहिली. “ह्यो मुलूख कुठं हाय?”

मी नकाशा दाखवला. रशिया, त्याच्या वर समुद्र, त्याच्याही वर बर्फ.

“तिकरं बोट जाते?”

“जाते की. लढाईत रशियाला माल घेऊन जायच्या. आपल्या मुंबईचे खलाशीसुद्धा होते म्हणे त्यांवर.”

बाकीचे निघून गेले तरी ती उभीच. एका अडाणी बाईला भूगोलात इतका रस वाटावा, याचा मला फार आनंद झाला. मिठाचं मात्र टोचलं. हे लोक गावात जाऊन बोभाटा तर करणार नाहीत?

११ फेब्रुवारी, रविवार

गेल्या आठवड्यात जेमतेम मूठभर माणसं. त्यांतला एक उन्हाला कंटाळून सावलीला आला होता. भाऊसाहेब येऊन माझं बोलणं ऐकून गेले. म्हणाले, “टिपणीस, तुमचं बोलणं म्हणजे सहामाही परीक्षा. लोकांना गोष्ट पाहिजे, गोष्ट! जरा मीठमसाला घाला.”

मीठ तर घातलंच आहे. मसाला कुठून आणू? जेवण गेलं नाही. पापलेट होतं तरी गेलं नाही, यावरून काय ते समजावं.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज मसाला घातला. साहेबाच्या फोटोंत एक मोठा फोटो आहे. कातड्याच्या तंबूपुढे तिथली माणसं उभी आहेत, आणि कडेला एकजण टोपडं ओढून, नुसते डोळे नि नाक दिसतंय, रंगाने सावळा. मी म्हटलं, “ही बर्फातली माणसं फार मायाळू. बोट बुडाली की धावत येतात, खलाशांना वर ओढतात, कातड्यात गुंडाळून ऊब देतात. काहीजण मग तिथेच राहतात, वर्षानुवर्षं. हा कडेचा बघा, हा तर आपल्याकडचाच दिसतो!”

लोक खूश. एकाने टाळीसुद्धा वाजवली. मागे बायजा उभी होती. सगळे पांगल्यावर तिने मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मी दुप्पट रंगवून सांगितलं. हान्सेनसाहेबाने यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही, पण असेलही, मायाळू माणसं कुठेही असतात.

२ मार्च, शुक्रवार

गर्दी वाढते आहे. माणसं येतात, “तो आपल्याकडचा कुठाय?” म्हणून विचारतात. भाऊसाहेबांनी पाठ थोपटली.

बायजा जवळजवळ रोज येते. मिठागरातलं काम संपवून, पाय धुऊन येते, दोरीपाशी बसते. तिचे प्रश्न मोठे विचित्र असतात. तिकरं भात खातान का? भात नसंल तर मासली तरी मिलते का? मी म्हटलं, मासळी भरपूर, वर्षभर टिकते, नासतच नाही. तेव्हा तिचा चेहरा एकदम उजळला. मग विचारलं, “आपली बोली इसरत असंल का मानूस तिकरं?” आता याला भूगोल काय सांगणार! म्हटलं, आईची बोली कोण विसरतं.

मला वेगळीच शंका आहे. ही मिठावर डोळा ठेवून आहे. मीठ पायदळी घातल्याचा राग तिच्या लोकांच्या मनात आहे आणि हिला पाळतीवर बसवलंय. मी तिच्याशी फार गोड बोलतो.

१० मार्च, शनिवार

शंका खोटी ठरली. आज बायजा एक कांबळं घेऊन आली. नवंकोरं, घडीही मोडलेली नव्हती. म्हणाली, “मास्तर, साहेबाच्या गावाला कोनी जानार असंल तर ह्या धाडशील?”

मला क्षणभर कळेना. मग उलगडलं. साहेबाने आपल्या वस्तू आम्हांला दिल्या, त्याची परतफेड म्हणून हिला आपली वस्तू द्यायची आहे! केवढं मन! मी म्हटलं, “बायजाबाई, एवढ्या लांब कशाला? इथेच लावतो, सगळ्या लोकांना दिसू दे.” खाडीच्या बाजूला, जाळ्याच्या शेजारी टांगलं आणि खाली चिठ्ठी लावली: खाडीकाठचं कांबळं, बायजाबाई यांजकडून.

ती टांगलेल्या कांबळ्याकडे बघत राहिली. “हितं लावून काय उपेग,” एवढंच बोलली. विनयशील बाई आहे.

२४ मार्च, शनिवार

धुळवड संपली एकदाची. माणसं रंगलेल्या हातांनी अस्वलाला शिवायला बघत होती, मी दिवसभर काठी घेऊन उभा.

विमल डबा घेऊन आली होती. घरी परतताना म्हणाली, “ती बाई अस्वल बघायला येत नाही हं. अस्वलाकडे तिची पाठ असते.”

“मग काय बघायला येते?”

“तुम्ही मास्तर, तुम्ही सांगा,” ती म्हणाली आणि भाजीवालीकडे वळली. हिला कोड्यात बोलायची खोड आहे. मला मात्र उकाड्याची चिंता. आता मिठाला घाम सुटायला लागलाय, अस्वलाच्या पंजांना ओल लागतेय.

८ एप्रिल, रविवार

काय लिहू?

आज दुपारी एक तरुण बाई आली, पंचविशीची असेल. कपाळाला कुंकू. नाव शालू. फोटोकडे गेली नाही, अस्वलाकडे गेली नाही, सरळ माझ्या टेबलाशी आली.

“मास्तर, तुमी माज्या सासूला काय सांगतलाव?”

“कोण सासू?”

“बायजा.”

मग सांगितलं तिने, उभ्याउभ्यानेच. बायजाचा मुलगा राघो लढाईच्या दिवसांत मुंबईच्या गोदीतून बोटीवर आगवाला म्हणून गेला. कोळसा घालायच्या कामाला. लग्नाला वर्ष झालं होतं. बोट रशियाच्या वाटेवर बर्फाच्या समुद्रात बुडाली, असं कंपनीचा माणूस गावात येऊन सांगून गेला. नऊ वर्षं झाली. देह नाही, म्हणून बायजाने क्रिया करू दिली नाही. माझा पोर गेला असं माझ्या तोंडाने मी म्हणणार नाही, म्हणाली. आणि ती म्हणत नाही तोवर शालू ना धड सवाष्ण, ना धड विधवा.

“दिवालीला तयार झालेली ती. बोलली, होली झाली का पुतला करून क्रिया करू. मंग वैशाखात माजा पाट लावाचा ठरला. ठाकुर्लीच्या बिजलीघरात हाय तो, काळुराम. पयली बायको मेली त्याची. चांगला हाय.” तिने पदर सावरला. “आता सासू बोलते, राघो फोटूत हाय. त्याला लोकांनी ठेवून घेतलाय. मास्तरनी सांगतला. काळुरामची मानसं वैशाखाच्या पुढं थांबाची नाय.”

मी काहीतरी पुटपुटलो. तिने मला मध्येच तोडलं.

“माजा नवरा जित्ता हाय का, तेवराच सांगा. जित्ता असंल तर मी थांबते. खरंच थांबते. नसंल तर तुमच्याच तोंडाने तिला सांगा.”

“नाही,” मी म्हटलं. “तो फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा आहे.”

तिने मान हलवली आणि डोळ्याला पदर लावला. मला वाटलं होतं, तिला सुटल्यासारखं वाटेल. ती रडत होती. नऊ वर्षांत तिलाही कुठेतरी वाटत असणार, तो येईल. तेही मीच आज पुसलं.

घरी येऊन विमलला सांगितलं. ती म्हणाली, “मला कांबळं बघितलं तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, तुम्हांलाही कळलं असेल आणि काय बोलावं ते सुचत नसेल.”

कांबळं! मी भिंतीवर टांगलंय ते. चिठ्ठी लावून.

१० एप्रिल, मंगळवार

आज सांगणार होतो. ती आली तेव्हा शाळेची मुलं होती.

१२ एप्रिल, गुरुवार

आज कुणी नव्हतं. बायजाने मला विचारलं, तिकडे आता थंडी उतरली असेल ना? मी हो म्हटलं. पळपुटा आहे मी. लोकांनी फोटोचं विचारलं तर आज मी म्हटलं, तिथलाच कुणी माणूस आहे. सगळे हिरमुसले. भाऊसाहेबांना कळेल. कळू दे.

१५ एप्रिल, रविवार

विमल सकाळी माझ्याबरोबर आली आणि दाराबाहेर बसली. म्हणाली, “आत तुम्ही जा. मी इथून हलत नाही, म्हणजे तुम्हांलाही बाहेर पळता यायचं नाही.”

बायजा दोरीपाशी बसली होती. मी फोटो भिंतीवरून काढून तिच्यापुढे आणला, तिच्याशेजारी जमिनीवर बसलो.

“बायजाबाई, हा फोटो साहेबाने तरुणपणी काढलाय. तुमचा राघो तेव्हा जन्मलाही नव्हता.”

ती फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मना ठाव हाय.”

“काय ठाऊक आहे?”

“त्यो राघो नाय. नाक बघ कसला चपटा. माज्या पोराचा नाक माज्यावानी हाय. आय हाय मी, मना कलत नाय का?”

“मग रोज का येत होतात?”

“मंग कुठं जाऊ?” ती एकदम जोरात म्हणाली. “बोट बुरली बोलले. कुठं बुरली, तर त्या मानसाने हात असा वर केला. आभालाकरं. कुनाचा पोर तापाने मरतो, कुनाचा खारीत बुरतो, त्यांना जागा असते, तिकरं जाऊन रडाला येते. मना जागाच नव्हती. तू पयला मानूस, जागा दावलीस. बोटसुदीक काढलीस.”

तीच पुढे म्हणाली, “पन लोक ठेवून घेतान, उबेला घेतान, ता तू बोललास तवा खरा वाटला. थोरा वेल वाटला. ता खोटा ना?”

“खोटं. मी रचलं. माणसं यावीत म्हणून.”

मला वाटलं, ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिने भिंतीवरच्या निळ्या समुद्राकडे बोट केलं. दाराबाहेर विमल खोकली.

“त्या पान्यात मानूस परला, तर किती वेल?”

याचं उत्तर मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. “फार थोडा वेळ,” मी म्हटलं. “थंडीने आधी शुद्ध जाते. गुंगी येते.”

“म्हंजे तरास झाला नाय जास्ती.”

“नाही.”

हे मी रचलेलं नाही. जवळजवळ नाही.

मग तिने मिठाकडे पाहिलं. “ह्या मीठ आमच्या आगरातला. मी पयल्या दिशी वलखला.”

“हो. कोपरीचंच.”

“राघो भी तितलाच.”

तिने दोरीखालून हात घातला आणि अस्वलाच्या पंजाजवळून ओंजळभर मीठ उचललं. पदरात घेतलं, गाठ मारली. “पुतल्याच्या हातात घालीन. मंग खारीत सोरीन. तिकरचा कायतरी पायजे ना.”

उठताना काही खडे जमिनीवर सांडले. ती वाकून एकेक वेचायला लागली. मीही वेचायला लागलो. गुडघे धरले होते, चष्मा सारखा खाली घसरत होता, आणि दोन-तीन खडे फरशीच्या भेगेत गेले होते ते नखाने काढावे लागले. विमलही आत येऊन वेचायला बसली.

जाताना बायजाला कांबळं काढून दिलं. ती नको म्हणाली. “ता ऱ्हाऊ दे. फकस्त त्यो कागद काढ.”

२९ एप्रिल, रविवार

क्रिया झाली. मी आणि विमल खाडीवर गेलो होतो. शालू लांब उभी होती. ओहोटी लागली होती, पाणी भराभर चाललं होतं. बायजाने रडून आकांत केला, मन मोकळं होईपर्यंत रडली. मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

भाऊसाहेब रागावलेत. तो खलाशी कुठे गेला, असं लोक विचारतात म्हणे. मी म्हटलं, “तो नव्हताच.” त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

२० मे, रविवार

परवा ठाकुर्लीला शालूचा पाट लागला. आम्हांला बोलावणं होतं. काळुराम ठेंगणा, लाजाळू माणूस आहे, हातावर बिजलीघरातल्या भाजल्याच्या खुणा. पाटाला गाणी म्हणत नाहीत म्हणे, तशी रीत नाही. सगळं गुपचूप चाललं होतं. तेवढ्यात बायजाने लग्नातलं गाणं सुरू केलं. बायका दचकून एकमेकींकडे बघायला लागल्या. बायजा थांबली नाही. आवाज फाटत होता, तरी शेवटपर्यंत म्हटलं, आणि मग स्वतःच्या हाताने शालूला घास भरवला. विमल परतीच्या वाटेवर सबंध वेळ डोळे पुसत होती. मीही पुसले. घामाचं निमित्त होतंच.

२६ मे, शनिवार

समितीची बैठक झाली. दालनाला दिवाळीपर्यंत मुदत मिळाली, कारण रेशनच्या पोत्यांना दुसरीकडे जागा सापडली. माझ्या कर्तबगारीचा यात काही भाग नाही. भाऊसाहेब म्हणाले, निदान ते मीठ सारखं करा, अस्वलापाशी खड्डा पडलाय, वाईट दिसतं.

आज सारखं करायला घेतलं होतं. फावडं हातात घेऊन उभा राहिलो आणि परत ठेवलं.

दुपारी सुट्टीतला वर्ग घेऊन एक बाई आल्या, बरोबर मुलींचा घोळका. मी सगळं सांगितलं. अस्वल काय खातं, सील कसा श्वास घेतो, खाडीचं मीठ कसं पिकतं. शपथ घेतल्यासारखं खरं तेवढंच. एक मुलगी दोरीवर वाकून बघत होती.

“गुरुजी, सगळीकडे बर्फ सारखा आहे. इथेच खड्डा का?”

मी ठेवून दिलेल्या फावड्याकडे पाहिलं.

“तिथून आपल्याकडचा एकजण घरी गेला,” मी म्हटलं.

मुलींनी वह्यांत तसंच लिहून घेतलं. मी खोडायला सांगितलं नाही.